पशुवैद्यांना विचारा : बाळंतीण मांजर आणि तिची पिल्ले

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, बंद पडलेल्या गाडीखाली व्यायलेल्या मांजरी पाण्यामुळे उघड्यावर येतात आणि कोणीतरी कळवळून त्यांना घरी आणते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्रात बहुतेकांच्या शंका एकत्र आल्या असल्याने त्याचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरले आणि तेथे एक मांजर चार पिल्लांसह भिजत बसलेली आढळली. मी सर्वांना घरी आणून न्हाणीघरात ठेवले आहे. पिल्ले दहा-बारा दिवसांची असावीत. आई हाडकली आहे, मागच्या पायाने लंगडते आणि तिच्या अंगावर पिसवा आहेत. एका पिल्लाचा मिटलेला डोळा फुगला आहे. दुसरे एक पिल्लू सर्वांत लहान असून सारखे ओरडते. जंतुनाशक घालून सर्वांना आंघोळ घालावी आणि पिल्लांना ड्रॉपरने गाईचे दूध पाजावे, असे शेजारी सुचवतात. मांजर मात्र रोज पिल्ले तोंडात धरून घरभर फिरते. आमच्या घरात मांसाहार शिजत नाही आणि जवळच्या दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशीच येतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात आईपासून करावी. चार नाजूक पिल्ले समोर असली की सगळे लक्ष त्यांच्याकडे जाते, आणि ते साहजिकही आहे. पण दहा दिवसांच्या पिल्लाला लागणारे अन्न, ऊब, स्वच्छता आणि रोगांपासून मिळणारे संरक्षण हे सर्व एकाच ठिकाणाहून येते, ते म्हणजे त्याची आई. या वयाच्या पिल्लाला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हाच ती होते. म्हणून आई जेवती-खाती आणि तापाविना राहिली, तर पिल्लांचे निम्म्याहून अधिक काम आपोआप होते. तिला दवाखान्यात ठेवून पिल्ले घरी बाटलीवर वाढवण्याचा विचार अगदी नाइलाज झाल्याखेरीज करू नये. तपासणीला नेतानाही पाचही जणांना एकाच टोपलीत न्यावे.

आंघोळ कोणालाही घालू नका. या वयाच्या पिल्लांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. भिजलेले पिल्लू काही मिनिटांत गार पडते, आणि गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात गेलेले दूध पचत नाही. जंतुनाशकाचा धोका त्याहून मोठा आहे. पाण्यात टाकताच पाणी दुधासारखे पांढरे करणारी फरशीची आणि जखमेची द्रावणे मांजरांसाठी सहसा घातक असतात, कारण त्यांच्यातील फिनॉलसारखे पदार्थ निचरा करून बाहेर टाकण्याची क्षमता मांजरांच्या यकृतात फार कमी असते आणि अंगाला लागलेले सर्व काही मांजर चाटून पोटात घेते. न्हाणीघराची फरशी फिनाईलने पुसत असाल तर तेही तूर्त थांबवा. साधा साबण आणि भरपूर पाणी पुरेसे आहे. याच कारणाने तापावर किंवा लंगडण्यावर माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एक गोळीही मोठ्या मांजरीचा जीव घेऊ शकते, आणि ती देणारे हात बहुधा प्रेमळच असतात, हे मी दवाखान्यात फार वेळा पाहिले आहे.

पिसवांसाठी बारीक दातांची फणी घ्या, पिल्लाच्या अंगावरून हलकेच फिरवा आणि फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. दिवसातून दोनदा हे केले की चार दिवसांत फरक दिसतो. अंथरलेले कापड रोज बदलून गरम पाण्यात धुवा, कारण पिसवांची अंडी कापडावरच पडतात. हे काम किरकोळ समजू नका. पिसवा इतके रक्त पितात की दोनशे ग्रॅमचे पिल्लू त्यानेच पांढरेफटक पडते. आईसाठी औषध लागेल, पण ते दूध पाजणाऱ्या मांजरीला चालणारेच असावे आणि पशुवैद्यांनीच द्यावे. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, तर गोठ्यात गोचिडांसाठी वापरतात त्या औषधांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असते. ही सर्व मांजरांसाठी विषारी आहेत. ग्रामीण भागातून झटके येत असलेली मांजर आली की मी पहिला प्रश्न गोचिडांच्या औषधाबद्दलच विचारते.

आता जागा. न्हाणीघराची फरशी गार असते. उभ्या कडांचे एक खोके घ्या, तळाशी वर्तमानपत्रांची जाड घडी आणि त्यावर जुने सुती कापड अंथरा. एका कोपऱ्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. दुसरा कोपरा मोकळा राहू द्या, म्हणजे उकडले तर पिल्लांना सरकता येईल. खोक्याची एक बाजू झाकून अंधार करा. तुमची मांजर पिल्ले घेऊन फिरते आहे ती याच अंधाराच्या आणि शांततेच्या शोधात. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे आपल्याकडे म्हणतात, त्यामागे हे निरीक्षण आहे : जागा उघडी वाटली, माणसांची ये-जा वाढली किंवा अंथरूण घाण झाले की ती बिऱ्हाड हलवते. तोंडात धरल्याने पिल्लांना इजा होत नाही. मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत, ही म्हण शब्दशः खरी आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्ले टाकते, ही समजूत मात्र खरी नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, आई जेवत असताना, शांतपणे पिल्ले हाताळलेली तिला चालतात.

हाताळण्याचे मुख्य कारण वजन. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर एक वाडगा ठेवून काटा शून्यावर आणा आणि रोज एकाच वेळी प्रत्येक पिल्लाचे वजन करून वहीत लिहा. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते, रोज १० ते १५ ग्रॅम वाढते आणि दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होते. म्हणजे तुमची पिल्ले आज २०० ग्रॅमच्या आसपास हवीत. वजन एक दिवस जागचे हलले नाही तर त्या पिल्लाकडे लक्ष द्यायचे. कमी झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. माझ्याकडे येणारे एक सराफ दुकान उघडण्यापूर्वी पिल्लांचे वजन करून आकडे कळवत. तीन पिल्ले वाढत असताना चौथ्याचे वजन सलग दोन दिवस चार-चार ग्रॅमने उतरल्याचे त्यांना दिसले, तेव्हा ते पिल्लू डोळ्यांना इतरांसारखेच गुबगुबीत दिसत होते. तपासल्यावर त्याची टाळू फाटलेली आढळली. त्याला दूध ओढताच येत नव्हते.

तुमचे सर्वांत लहान पिल्लू सारखे ओरडते, याचा अर्थ ते उपाशी किंवा गारठलेले आहे. आधी त्याला स्वतःच्या छातीशी धरून हळूहळू ऊब द्या आणि तोंडाच्या आतील भाग कोमट लागू लागल्यावर आईच्या मागच्या सडांपाशी लावा, कारण तेथे दूध सहसा अधिक असते. दणकट भावंडांना त्या वेळी दहा मिनिटे बाजूला ठेवा. एवढ्यावर वजन वाढले नाही तरच वरचे दूध सुरू करावे, आणि तेही गाईचे नको. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश कमी व दुग्धशर्करा अधिक असते. त्याने जुलाब लागतात आणि एवढ्याशा देहातले पाणी दिवसभरात निघून जाते. मांजरांच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर औषधांच्या किंवा प्राण्यांच्या साहित्याच्या दुकानात मिळते. पाजताना पिल्लू पालथे, चार पायांवर असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून ड्रॉपर पिळला की दूध श्वासनलिकेत उतरते, फुप्फुसांत जाते आणि न्यूमोनिया होतो.

फुगलेल्या डोळ्याला थांबायला वेळ नाही. पिल्लांचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. त्यापूर्वीच पापणीआड संसर्ग झाला तर पू बाहेर पडायला वाट राहत नाही आणि बुबुळ कायमचे निकामी होऊ शकते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून दोन-तीन मिनिटे डोळ्यावर धरा. पापणी स्वतः ओढून उघडू नका. ते काम पशुवैद्यांचे. नंतर दिवसातून काही वेळा मलम घालावे लागेल. घरात पडून असलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब वापरू नका, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास आणि बुबुळावर व्रण असल्यास डोळा फुटण्याची भीती असते.

आईच्या तपासणीत तीन गोष्टी पाहायला सांगा. लंगडण्यामागे चावा पिकून झालेले गळू आहे की हाड मोडले आहे, हे ठरले पाहिजे. एखादे आचळ गरम, कडक किंवा निळसर झाले आहे का, हे पाहिले पाहिजे. मागून दुर्गंधी असलेला स्राव येतो का, हेही पाहिले पाहिजे. व्याल्यानंतर थोडा तांबूस स्राव दोन-तीन आठवडे चालतो, पण त्याला दुर्गंधी आली आणि ताप असला तर गर्भाशयात संसर्ग आहे. मांजरीचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. औषध लिहिताना ती पाजती आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण टेट्रासायक्लिनसारखी काही औषधे दुधातून जाऊन पिल्लांच्या दातांवर कायमचे डाग पाडतात. जंतांचे औषध आईला आणि पिल्लांना एकाच वेळी द्यायचे असते, कारण गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लांच्या पोटात जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पायरँटेलची मात्रा वजनाप्रमाणे, दर दोन आठवड्यांनी, पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत द्यावी.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आई अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालू लागली, ताठ पायांनी चालू लागली, तिचे अंग थरथरू लागले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना शोधा. दुधावाटे शरीरातील कॅल्शियम निघून गेल्याने हे होते. अशी एक मांजर माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्या मिशांची टोकेसुद्धा थरथरत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या होत्या. हृदयावर स्टेथॉस्कोप ठेवून शिरेतून थेंबाथेंबाने कॅल्शियम सोडत गेले. सलाईन निम्मे संपायच्या आत तिचा जबडा सैल झाला, तिने जांभई दिली आणि टोपलीतून आवाज येताच मान वळवून पाहिले. वेळेवर आली तर ही मांजर तासाभरात उभी राहते. उशीर झाला तर झटक्यांतच जाते.

राहिला आहार. तुमच्या घराच्या आचाराचा मला आदर आहे, तरीही येथे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळतो आणि त्याच्या अभावी दृष्टी जाते, हृदय कमकुवत होते. दूध-भातावर बाळंतीण मांजर जगेल, पण स्वतःच्या अंगातले काढून पिल्लांना देत राहील, आणि तुमची मांजर हाडकण्यामागे तेच आहे. घरात काही शिजवायची गरज नाही. मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारा तयार कोरडा आहार आईलाच द्या. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम अधिक असते. तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते, म्हणून वाटी दिवसरात्र भरलेली असावी आणि शेजारी स्वच्छ पाणी असावे. ज्यांच्याकडे चालते त्यांनी उकडलेली कोंबडी किंवा मासळी, हाडे-काटे काढून, मीठ-मसाल्याविना द्यावी. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये; त्याने मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

गाई-म्हशींच्या दवाखान्यात जायला संकोच करू नका. वजन, ताप, गळू, डोळा, जंत या गोष्टी तेथेही तपासता येतात. त्यापुढे क्ष-किरण किंवा शस्त्रक्रिया लागली तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. जिन्यात व्यायलेली मांजर आणि तीन पिल्ले आम्ही घरात घेतली. पिल्ले आता दीड महिन्याची आहेत. सुनेला तिसरा महिना आहे. मांजरांमुळे बाळाला धोका असतो, ती ताबडतोब बाहेर सोडा, असे नातेवाईक सांगतात. सुनेला मांजरांचा लळा आहे. काय करावे?

उत्तर : धोका आहे, पण त्याचे स्वरूप समजून घेतले तर मांजरी बाहेर सोडण्याची वेळ येत नाही. या आजाराचे नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याचा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरे. पण मांजर सहसा आयुष्यात पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडेच तो बाहेर टाकते, आणि बाहेर पडलेल्या बीजपेशी लगेच संसर्ग करू शकत नाहीत. त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजरींच्या विधीसाठी माती भरून ठेवलेले घमेले रोज, दिवसाआड नव्हे, साफ झाले तर साखळी तिथेच तुटते. हे काम सुनेने करू नये; घरातील दुसऱ्या कोणीतरी हातमोजे घालून करावे, घमेले कढत पाण्याने धुवावे आणि हात साबणाने धुवावेत. मांजरींना कच्चे मांस घालू नये आणि शिकारीसाठी बाहेर सोडू नये, म्हणजे नव्याने संसर्ग होण्याचे कारण उरणार नाही.

माणसांना हा संसर्ग मांजर कुरवाळल्याने सहसा होत नाही. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली पालेभाजी, बागेतील माती हे त्याचे अधिक नेहमीचे मार्ग आहेत. कोथिंबिरीची जुडी नीट धुवून घेणे सुनेच्या दृष्टीने मांजरी दूर करण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि मांजरी नसलेल्या घरातही ते तितकेच लागू आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजरी असल्याचे सांगून रक्ताची चाचणी करावी का, हे विचारा. गरोदरपणापूर्वीच हा संसर्ग होऊन गेलेला असेल, तर बाळाला धोका सहसा राहत नाही.

प्रश्न : नागपूरच्या आमच्या घरी आणलेल्या मांजरीची तीन पिल्ले दोन महिन्यांची झाल्यावर एक-एक लस घेतली होती. महिन्याभरात दोन पिल्ले उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत गेली. डॉक्टरांनी पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा विषाणुजन्य रोग सांगितला. लस घेऊनही असे का झाले? तिसरे पिल्लू आणि आई ठीक आहेत. आता दुसरे पिल्लू आणावे का?

उत्तर : तुमचे दुःख मी समजू शकते. तुम्ही लस दिली होती, हेळसांड केली नव्हती, हे आधी सांगते. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकातून आईकडून रोगप्रतिकाराची शिदोरी घेऊन येते. ही शिदोरी हळूहळू संपत जाते; काही पिल्लांत ती आठव्या आठवड्यात संपते, तर काहींत सोळाव्यापर्यंत किंवा त्यानंतरही टिकते. अडचण अशी की ती शिल्लक असेपर्यंत दिलेली लसही ती निष्प्रभ करते. म्हणजे मध्ये असा काळ येतो, जेव्हा आईकडून आलेले संरक्षण रोग रोखण्यास अपुरे पडते, पण लसीला अडवण्याइतके मात्र उरलेले असते. प्रत्येक पिल्लाचा हा काळ वेगळा असतो आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. म्हणूनच लस एकदा देऊन थांबत नाहीत. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा देतात आणि नंतर पिल्लू सहा महिने ते एक वर्षाचे असताना आणखी एकदा देतात. हीच लस मांजरांच्या सर्दी-पडशाच्या दोन विषाणूंपासूनही संरक्षण देते. रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर वेगळी द्यायची असते.

पहिल्या लसीनंतर दुसरीची तारीख पुढे ढकलली जाणे हे मला दवाखान्यात सर्वांत जास्त दिसणारे दृश्य आहे. पिल्लू खेळते आहे, खाते आहे, मग घाई कशाला, असे वाटते. पण पिल्ले हातची जातात ती नेमकी याच आठवड्यांत. तुमच्या राहिलेल्या पिल्लाची आणि आईची लस डॉक्टरांशी बोलून आजच ठरवा. आई पुन्हा गाभण असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा, कारण गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस दिल्यास पोटातील पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटू शकते.

दुसरे लहान पिल्लू सध्या आणू नका. हा विषाणू घराच्या कोपऱ्यांत वर्षभर जिवंत राहू शकतो, आणि साबण, फिनाईल किंवा हातावर चोळायचे अल्कोहोल त्याला मारू शकत नाही. धुण्याचा ब्लीच मारतो. जागा आधी साबणाने स्वच्छ करावी, कारण घाणीवर ब्लीचचा परिणाम होत नाही. मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असे ताजे द्रावण दहा मिनिटे ओले राहू द्यावे आणि नंतर साध्या पाण्याने धुवावे. त्या वेळी मांजरी दुसऱ्या खोलीत असाव्यात. गादी, पोते, गोणपाट असे धुता न येणारे सामान टाकून द्यावे. नंतरही घरात मांजर आणायचीच असेल, तर लसींचा क्रम पूर्ण झालेली मोठी मांजर आणावी. माणसांना हा रोग होत नाही.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी पडवीत व्यायलेल्या मांजरीने पिल्लू उचलताना माझ्या मुलाच्या हातावर बोचकारले आणि थोडे चावलीही. हळद लावली आहे. मांजर घरचीच म्हणावी अशी आहे. इंजेक्शन घ्यावे का?

उत्तर : होय, आणि हे उत्तर छापून येण्याची वाट तुम्ही पाहिली नसेल अशी आशा आहे, घेतले नसेल तर आजच घ्या. मांजर पिल्लांच्या रक्षणासाठी चावली हे उघड आहे, तरीही लस न घेतलेल्या, बाहेर फिरणाऱ्या मांजरीच्या बाबतीत रेबीजची शक्यता गृहीत धरूनच चालावे लागते, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. अशी जखम होताच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जावे. तेथे लस मोफत मिळते. रक्त आले असल्यास जखमेत आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते, म्हणून जखम किती खोल होती ते नीट सांगावे. मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवा, पण तेवढे दिवस जाऊ देऊन मग लस घेऊ, असे करू नका. चाव्याची जागा सुजली, लाल झाली तर पुन्हा दाखवा. मांजरीच्या सुईसारख्या दातांची जखम वरून बंद होते आणि आतून पिकते.

प्रश्न : कोल्हापूरला आमच्या वाड्यात व्यायलेल्या मांजरीची पिल्ले आता दोन महिन्यांची झाली आहेत. दोघांनी पिल्ले मागितली आहेत. आई अजून पाजते, पण परवापासून एक बोका वाड्यात फिरतो आणि ती त्याच्याकडे जाऊ पाहते. पाजती असताना शस्त्रक्रिया करता येते का? एका ओळखीच्यांनी माजावर न येण्याचे इंजेक्शन सुचवले आहे.

उत्तर : ती माजावर आली आहे. पाजणारी मांजर गाभण राहत नाही ही समजूत चुकीची आहे; पिल्ले महिन्या-दीड महिन्याची असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरीत संयोगानंतरच बीज सुटते, त्यामुळे बोका भेटला की गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते, आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत पुढची पिल्ले येतात. अशा दोन-तीन वेतांत तिचा देह पुरता खचतो. म्हणून आजपासून तिला एका खोलीत बंद ठेवा. माजावर न येण्याचे इंजेक्शन तिला देऊ नका. त्यातील संप्रेरकांमुळे गर्भाशयात पू होण्याचा आणि आचळांना गाठी येण्याचा धोका वाढतो, आणि अशा गाठी मांजरीत बहुधा कर्करोगाच्याच असतात.

शस्त्रक्रिया करता येते. पिल्ले खाती झाली असल्याने त्यांना आईपासून दिवसा वेगळे ठेवत दूध आटवावे आणि साधारण दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी, हा उत्तम मार्ग. तोवर तिला कोंडून ठेवणे शक्य नसेल, तर थांबू नका. पोटाच्या मध्यावर छेद न घेता कुशीतून घेतला की भरलेल्या आचळांना धक्का लागत नाही, आणि ती त्याच संध्याकाळी पिल्लांकडे परत येऊ शकते. दुधाचे नियंत्रण बीजकोशांकडे नसते, त्यामुळे शस्त्रक्रियेने दूध बंद पडत नाही. आपल्याकडे गल्लीतील मांजरीची शस्त्रक्रिया झाली की बऱ्याच ठिकाणी कानाचे टोक किंचित कापून खूण करतात, ती करून घ्या, म्हणजे कोणी तिला पुन्हा पकडून भूल देणार नाही.

पिल्ले द्यायला आणखी दोन-चार आठवडे थांबलात तर बरे. आठ आठवडे ही खालची मर्यादा आहे. मातीत विधी करणे, खेळताना नखे आवरणे, माणसाला न घाबरणे हे पिल्लू आई आणि भावंडांकडून या दिवसांतच शिकते. दोन पिल्ले एकाच घरी जात असतील तर त्याहून चांगले. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे, आणि ही गोष्ट पिल्लू देतानाच घेणाऱ्यांना सांगितलेली बरी. सोबत एक कागद द्या : जंतांचे औषध कधी दिले, पहिली लस कधी झाली, दुसरी आणि तिसरी कोणत्या तारखेला आहे, आणि चार-पाच महिन्यांच्या सुमारास नसबंदी करायची आहे. आजवर ज्या कापडावर पिल्ले निजत होती, त्याचा एक तुकडाही न धुता बरोबर द्यावा. नव्या घरातील पहिल्या रात्री पिल्लू त्यावरच जाऊन झोपते.